वाचाघात: बोलणं सुरू, समजणं बंद. याला काय म्हणावं?

निंबोणी: एका लेखाचा अनुवाद करतेय. 'अफेझिया'साठी, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्या आजारासाठी, कोशात 'वाचाघात' मिळाला. पण लेखातले आजोबा घडाघडा बोलतात, समोरच्याचं बोलणं मात्र त्यांना कळत नाही. वाचा शाबूत असताना वाचाघात कसला?

जुनाबाजार: शाबूत आहे तो ओघ. शब्द चुकतात, काही तर कुठल्याच भाषेत नसलेले. बाकी 'अफेझिया'चा मूळ ग्रीक अर्थही 'बोलता न येणं' असाच आहे. आधी नजरेत आला तो न बोलणारा रुग्ण: १८६१ मध्ये पॅरिसला डॉक्टर पॉल ब्रोकांनी तपासलेला. 'टॅन' एवढंच म्हणायचा, समजायचं बरंचसं. फ्रेंच डॉक्टर त्रूसोंनी १८६४ मध्ये 'अफेझिया' हे नाव रूढ केलं. समज जाण्याचा प्रकार जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निकेंनी मांडला १८७४ मध्ये. तोवर बारसं होऊन गेलं होतं.

कोकमसरबत: मग 'शब्दबधिरता' चालेल?

जुनाबाजार: नको, तो वेगळा आजार. त्यात माणूस नीट बोलतो, वाचतो, लिहितो. दाराची बेल ओळखतो. फक्त कानावर पडलेले शब्द त्याला परक्या भाषेसारखे लागतात. वेर्निकेच्या प्रकारात वाचून समजणंही बिघडतं.

बोलकीपाटी: वाचा-उपचार हे माझं काम. मी 'आकलनाचा वाचाघात' म्हणते. लांबलचक आहे, पण नातेवाइकांना लगेच कळतं. बिघाड बहुधा डाव्या मेंदूत, कानाच्या वरच्या-मागच्या भागात असतो. हातपाय हलवणारा पट्टा तिथून लांब, त्यामुळे अनेकदा हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही. घरच्यांना पक्षाघाताची, म्हणजे मेंदूच्या झटक्याची, शंकाच येत नाही. 'बरळतायत', 'भ्रम झालाय' म्हणून दिवस वाया जातात. शिवाय आपल्याकडे सांगतात, "डॉक्टर, ते आमचं ऐकतच नाहीत." आता हा हट्ट समजायचा की आजार? अचानक असं झालं तर तडक इस्पितळ गाठा.

निंबोणी: 'आकलनाचा वाचाघात' घेतला. म्हणजे मेंदूत समजण्याचं एकच ठिकाण असतं, असं लिहू ना?

बोलकीपाटी: नका लिहू. अर्थ लावायला बरेच भाग मिळून राबतात, उजवी बाजूसुद्धा. म्हणून तर शब्द न कळलेले आजोबा आवाजातला राग ओळखतात. हाताने घास दाखवून "जेवायचं?" विचारलं की कित्येकदा मान हलवतात.