मदत हवी आहे: बाबांची १९९७ ची पीजीपी की (एन्क्रिप्टेड मेल्स उघडायची डिजिटल किल्ली) नवीन सॉफ्टवेअर घेतच नाहीये

बाबा गेले, त्यांच्या जुन्या फ्लॉपीवर पीजीपी २.६ ची १०२४ बिटची आरएसए की सापडली, तिचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) वहीत लिहिलाय, आणि अमेरिकेतल्या काकांसोबतच्या शेकडो एन्क्रिप्टेड मेल्सही आहेत ज्या मला काहीही करून वाचायच्यात. जीपीजी (पीजीपीसारखाच, पण मोफत प्रोग्रॅम) २.१ पासून हा जुना, व्हर्जन ३ चा फॉरमॅट काढूनच टाकलाय, त्यामुळे इम्पोर्ट करताना की वगळली जाते. जीपीजी १.४ मध्ये चालतं म्हणे, आयडिया सायफरसकट (पीजीपी २.६ ची जुनी एन्क्रिप्शन पद्धत). कुणी केलंय का? ही की नेट नसलेल्या वेगळ्या लॅपटॉपवरच टाकू ना? आणि सगळ्या मेल्स एकदम कशा उघडायच्या? एकेक करत बसलो तर महिने जातील हो. नवीन मेल्ससाठी ही की वापरणार नाहीये, फक्त जुनं वाचायचंय.