मनाविषयी बोलताना: आपले अनुभव लिहा

आपल्या माणसाची घालमेल दिसत असते, पण विषय कसा काढावा हे उमगत नाही. अशा वेळी आपण काय बोललात, कोणत्या शब्दांनी आधार दिला आणि कोणते बोलायला नको होते, हे कृपया लिहावे. सुरुवात मी करतो. नोकरी सुटल्यावर धाकटा भाऊ अबोल झाला. ‘सगळे ठीक होईल’ असे मी रोज सांगत राहिलो आणि तो अधिकच मिटत गेला. एके रात्री चालता चालता, त्याच्याकडे न पाहता, ‘झोप लागते का रे?’ एवढेच विचारले, तेव्हा तो अर्धा तास बोलला. उदासी, निद्रानाश आणि कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना भेटावे, हे मला नंतर कळले.

---

‘मी नसते तर सगळे सुटले असते,’ असे मैत्रीण म्हणाली. आपण विचारल्याने तो विचार तिच्या मनात रुजेल या भीतीने जीभ अडखळत होती. तरी ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ असे मी थेट विचारले. ती रडली, ‘हो’ म्हणाली आणि कोणाला सांगू नकोस अशी गळ घालू लागली. ते वचन मी दिले नाही, आणि ते न देणे मला आजही योग्य वाटते. तिच्या संमतीने घरातल्या गोळ्या माझ्याकडे घेतल्या, रात्रभर सोबत राहिले आणि सकाळी आम्ही दोघी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. असे थेट विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मन मोकळे करायला वाट मिळते, असे त्यांनीही सांगितले.

---

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. नैराश्यावरील औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या काळात ‘आता बरे वाटते ना?’ हा प्रश्न मला परीक्षेसारखा वाटे. एक सहकारी मात्र ‘उत्तर द्यायची घाई नाही, आठवण आली म्हणून लिहिले’ असा निरोप पाठवत असे. ते निरोप मी जपून ठेवले आहेत.

---

वडिलांनी ‘मला काही झालेले नाही’ म्हणून विषय बंद केला. मी वाद घातला नाही. दर रविवारी फोन मात्र चुकवला नाही. परवा फोन ठेवता ठेवता त्यांनीच विचारले, ‘तुझे ते डॉक्टर संध्याकाळी भेटतात का?’