कुलूपबंद तळटीपा

‘सरकारने नेमलेला इतिहासकार म्हणजे पगारी भाट’ असं अनेकजण म्हणतात, पण हेरगिरीचा इतिहास लिहिणारे केंब्रिजचे इतिहासकार ख्रिस्तोफर अँड्र्यू यांच्याबाबत हे मत मला पटत नाही. एमआय फाइव्ह या ब्रिटनच्या अंतर्गत सुरक्षा व गुप्तचर सेवेने २००३ साली आपला इतिहास लिहायला त्यांना नेमलं, त्याच्या कितीतरी आधी त्यांचं नाव झालेलं होतं. सुरुवात तर विसाव्या शतकाच्या आरंभीचे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री देल्कासे यांच्या अभ्यासापासून झाली. त्या अभ्यासात त्यांना दिसलं, की परक्या वकिलातींच्या, सांकेतिक लिपी उकललेल्या तारा मंत्र्यांच्या टेबलावर येत होत्या आणि इतिहासकार मात्र त्यांची दखलच घेत नव्हते. पुढचं सगळं काम तिथून उभं राहिलं.

खरी अडचण वेगळी आहे, ती सहसा कुणी मांडत नाही. एमआय फाइव्हच्या त्यांच्या जाडजूड इतिहासात पानोपानी तळटीप येते ती नुसती ‘सुरक्षा सेवा दप्तर’ एवढीच, फाइलचा क्रमांक नाही. दुसऱ्याने पडताळायचं कसं? मित्रोखिन या केजीबीच्या (सोव्हिएत गुप्तहेर संस्थेच्या) दप्तरदाराने तिथल्या फाइलींवरून चोरून काढलेल्या आणि अँड्र्यू यांनी पुस्तकांत वापरलेल्या टिपणांचं निदान थोडं बरं झालं. त्या टिपणांच्या टंकलिखित रशियन प्रती २०१४ मध्ये केंब्रिजच्या चर्चिल अभिलेखागारात खुल्या झाल्या. इंदिरा गांधींच्या काळातल्या भारतातल्या केजीबीच्या कारवायांवर हिरीरीने भांडणाऱ्यांनी, रशियन येत असेल तर, आधी तिथे जाऊन बसावं.