नववीला कर्ज शिकवायचंय, हप्त्याचं सूत्र न वापरता जमेल का?

खडूफळा: मुलांचं सातवीत सरळव्याज आणि आठवीत चक्रवाढ झालंय. आकडे बरोबर टाकतात, पण "१२ टक्के फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) आणि घटत्या शिलकीवर (उरलेल्या देण्यावरच व्याज) १२ टक्के, यांत स्वस्त कोणतं?" विचारलं की वर्ग गप्प. दोनच तासिका आहेत.

घटती_शिल्लक: सूत्र नकोच, कोष्टक भरून घ्या. मुद्दल १२,०००, मुदत १२ महिने, दर वार्षिक १२, म्हणजे महिन्याला १ टक्का. भागाकारात वेळ जात नाही. रकाने चार: महिना, शिल्लक, व्याज, फेडलेलं मुद्दल. दरमहा १,००० मुद्दल फेडायचं. पहिलं व्याज १२०, मग ११०, शेवटचं १०. बेरीज ७८०.

आता फ्लॅट. व्याज १,४४०, हप्ता १,१२०. अकराव्या महिन्याच्या ओळीवर बोट ठेवा: देणं उरलंय २,०००, पण व्याज अजून १२,००० वर चाललंय. घटत्या शिलकीच्या हिशोबाने हा 'बारा टक्के' साडेएकवीसच्या आसपास पडतो. (बँक सहसा समान हप्ता लावते. तो साधारण १,०६६ येतो आणि एकूण व्याज ७९४ च्या आसपास. ते वरच्या वर्गासाठी ठेवा.)

हमखास चूक: दुसऱ्या ओळीतही व्याज १२० लिहितात. पहिल्या तीन ओळी फळ्यावर करा, उरलेल्या वहीत.

पतपेढीवाला: कोष्टकाआधी दहा मिनिटं "दर कशाचा?" यावर द्या. सावकाराचं "शेकडा तीन" महिन्याचं असतं, वर्षाचे झाले ३६. बचत गटाचे "दोन टक्के" बहुधा महिन्याचेच. पोरं दोन्ही वार्षिक धरतात.

दुसऱ्या तासिकेला शुल्क घ्या. त्याच कर्जावर प्रक्रिया शुल्क ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०, दोन्ही आधीच कापले तर हातात ११,४१०. व्याज मात्र पूर्ण १२,००० वर. म्हणूनच नुसता व्याजदर वाचून भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, द्यावं लागतं. त्यात शुल्क धरून काढलेला वार्षिक दर, एपीआर, असतो. नमुना छापून वाटा आणि तेवढी एक ओळ शोधायला लावा.

सही_करण्याआधी: जामीनदार कुठे गेला? मोठेपणी पहिली सही बहुतेक त्याचीच पडते. तिघांचे गट करा: कर्जदार, जामीनदार, वसुली अधिकारी. तिसरा हप्ता चुकला अशी चिठ्ठी द्या आणि विचारा, पैसे कोणाकडे मागायचे? सगळे "आधी कर्जदाराकडेच" म्हणतील. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ वाचून दाखवा: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागलंच पाहिजे असं नाही.

आणि "तुमच्या घरी कर्ज आहे का?" हा प्रश्न वर्गात नको. हात वर करणारं पोर दुसऱ्या दिवशी चिडवलं जातं. सगळी उदाहरणं काल्पनिक ठेवा.

खडूफळा: मग पहिल्या तासिकेला दर आणि कोष्टक, दुसऱ्या तासिकेला शुल्क आणि जामीनदार. चिठ्ठ्या आजच लिहायला घेतो.