सरासरीतला फरक मान्य केला तर बिघडतं काय?

अनुस्वार
डायान हॅल्पर्न या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंच्या नावावर दोन मोठी कामं आहेत. चिकित्सक विचार कसा शिकवावा यावरचं त्यांचं पुस्तक १९८४चं, आणि स्त्री-पुरुषांच्या बौद्धिक क्षमतांमधल्या फरकांवरचं १९८६चं. २००४मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षही होत्या. लोक यातलं आपल्याला सोयीचं तेवढं उचलतात. माझ्या मते दुसरं काम हा पहिल्याचाच पुरावा आहे. हे फरक म्हणजे संगोपन, सदोष संशोधन आणि पूर्वग्रह यांची करामत, अशी खात्री बाळगून त्या लिहायला बसल्या होत्या. मग शोधनिबंधांचा ढीग वाचला, मत बदललं आणि प्रस्तावनेत तसं लिहूनही टाकलं.

निष्कर्ष कुणा एकाच्या बाजूचे नाहीत. एखादी आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखायच्या चाचणीत पुरुषांची सरासरी वर, तर लेखनात आणि शब्द लक्षात ठेवण्यात स्त्रियांची. कारणांबद्दल बाई म्हणतात की शरीर आणि परिस्थिती वेगळी काढताच येत नाहीत. अनुभवाने मेंदू घडतो आणि तो मेंदू पुढचे अनुभव निवडतो. इतकं तोलून मांडलं तरी 'फरक आहे' म्हटल्याबरोबर लोक अंगावर का येतात?

विशाखा
कारण असा फरक पुढे कशासाठी वापरला जातो ते लोकांनी पाहिलंय. जानेवारी २००५मध्ये हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी समर्स यांनी एका परिषदेत सांगितलं की विज्ञानाच्या वरच्या पदांवर बायका कमी असण्यामागे उपजत क्षमतेतला फरक हेही एक कारण असू शकतं. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी स्त्री-पुरुष फरकांवरची ४६ मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेले हिशोब, तपासली. त्यात ७८ टक्के फरक नगण्य किंवा अगदी लहान निघाले. मग हॅल्पर्नबाईंच्या पुस्तकाच्या नावातच 'फरक' कशाला? समोरची व्यक्ती बाई आहे एवढ्यावरून तिला भूमिती जमेल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

शंकासुर
७८ गेले तरी २२ उरतात हो. आकृती फिरवण्यातला फरक लहान नाही, आणि तो देशोदेशी सापडतो. शिवाय सरासरीतला छोटा फरकही टोकाला गेल्यावर मोठा होतो. बेनबो आणि स्टॅन्ली या संशोधकांनी १९८३मध्ये तेरा वर्षांखालच्या हुशार मुलांची आकडेवारी दिली होती. सॅट या अमेरिकी महाविद्यालय प्रवेश परीक्षेच्या गणितात ७०० किंवा जास्त गुण असलेल्यांत एका मुलीमागे तेरा मुलगे! विज्ञानातल्या वरच्या जागा सरासरीवाल्यांना मिळत नाहीत, टोकावरच्यांना मिळतात.

विशाखा
हा आकडा सगळे १९८३लाच सोडून देतात. पुढच्या काही वर्षांत तेच प्रमाण एकाला चारच्या आसपास आलं. एवढ्या अवधीत जनुकं बदलली का?

शंकासुर
नाही बदलली. पण चारावर येऊन ते बराच काळ तिथेच थांबलं, तेही सांगा की.

निरंजन
दोघांचं चालू द्या, मला मूळ गृहीतकच पटत नाही. चिकित्सक विचार नावाचं सगळीकडे चालणारं एकच कौशल्य असतं का? मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७मध्ये लिहिलंय की विचार त्या त्या विषयाच्या ज्ञानाला बांधलेला असतो, तो सुटा काढून शिकवणं फार अवघड. आता हॅल्पर्नबाईंचंच उदाहरण घ्या. १९९१मध्ये त्यांनी आणि स्टॅन्ली कोरेन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हजारभर मृत्यूंवरून दाखवलं की डावखुरे सरासरी ९ वर्षं आधी मरतात. टीकाकारांनी लगेच पकडलं: जुन्या पिढीत डावखुऱ्या मुलांना उजव्या हाताने लिहायला लावत, त्यामुळे म्हाताऱ्यांत डावखुरे मुळातच कमी. मग मेलेल्या डावखुऱ्यांचं सरासरी वय कमी भरणारच! चिकित्सक विचारावर पुस्तक लिहिणारीचा हा अभ्यास.

अनुस्वार
निरंजन, आक्षेप वजनदार आहे. पण यावरून चिकित्सक विचार शिकवता येत नाही असं सिद्ध होत नाही. शिकवणाराही चकतो एवढंच होतं. बाईंचा आग्रह नेमका उदाहरणं बदलत राहण्यावर आहे: एकच तर्कदोष जाहिरातीत, आरोग्याच्या बातमीत, निवडणुकीच्या भाषणात ओळखायला लावायचा. त्यांनी बनवलेल्या चिकित्सक विचाराच्या चाचणीत वरचे गुण मिळवणाऱ्यांच्या रोजच्या आयुष्यात चुकीच्या निर्णयांचे फटके कमी आढळले, असं हेदर बटलर यांचं संशोधन सांगतं.

निरंजन
फटके किती बसले हे त्या लोकांनी स्वतःच सांगितलेलं! सावधपणे उत्तरं देणारा माणूस दोन्ही ठिकाणी चांगला दिसणारच.

गणितवाली
मी गणित शिकवते, म्हणून थोडं वेगळं. आकृती फिरवणं सरावाने सुधारतं. उटल आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र पाहिले, त्यात सरावाचा फायदा टिकतो असं दिसलं. मग सरासरी कुणाची किती यापेक्षा हा सराव बहुतेक अभ्यासक्रमांत का नसतो, हा प्रश्न मला जास्त बोचतो. वाचन-लेखनाला वर्षानुवर्षं तासिका देतो आणि त्रिमितीय विचार ज्याचा त्याने खेळता खेळता शिकावा अशी अपेक्षा ठेवतो. खेळणी कुणाला कुठली मिळतात ते सर्वांना माहीत आहे.

आणखी एक. 'मुलामुलींचे मेंदू वेगळे, म्हणून वर्ग वेगळे' असं म्हणणाऱ्यांनी हॅल्पर्न यांच्या नावामागे लपू नये. २०११मध्ये 'सायन्स' नियतकालिकात वेगळ्या वर्गांना छद्मविज्ञान म्हणणारा लेख आला, त्याच्या पहिल्या लेखिका त्याच. फरक मानणारी बाई विभागणीला ठाम विरोध करते, हे कुणाच्याच साच्यात बसत नाही.

शंकासुर
गणितवाली, सरावाबद्दल पूर्ण सहमत. पण सराव दोघांनाही दिला की दोघंही सुधारतात, अंतर मिटेलच असं नाही. आणि विशाखा, एक सांगा. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात मुलगे मागे असतात, जवळजवळ सगळ्या देशांत. हे मी बिनधास्त म्हणू शकतो, कुणी अंगावर येत नाही. मग तोच न्याय गणिताला का नाही?

विशाखा
कारण वाचनातल्या आकड्यांवरून संपादक किंवा कादंबरीकार पुरुष कमी का, असा प्रश्न कुणालाच पडत नाही. मुलगे मागे पडले की त्यांच्यासाठी वाचनाचे उपक्रम निघतात. मुली मागे पडल्या की कारण म्हणून मेंदू निघतो.