दुकान बंद करणं इतकं सोपं नसतं

ध्येय साधलं की पक्षाने गाशा गुंडाळावा, हे तुमचं म्हणणं तत्त्व म्हणून ठीक. पण ब्रिटनला युरोपीय संघातून बाहेर काढायचं (म्हणजेच ब्रेक्झिट) हेच ध्येय असलेल्या युकिप या ब्रिटिश पक्षाचं काय झालं बघा. २०१५ ला साडेबारा टक्के मतं (जागा फक्त एक!), २०१६ ला ब्रेक्झिटचं सार्वमत जिंकलं आणि पक्षाचे नेते नायजेल फराज पायउतार झाले. नव्या अध्यक्षा १८ दिवसांत पद सोडून गेल्या. २०१७ ला मतं दोन टक्क्यांच्याही खाली. हुजूर पक्षानेच ब्रेक्झिटचा झेंडा खांद्यावर घेतल्यावर युकिपला कोण विचारतो?

फराज मात्र संपले नाहीत. आधी ब्रेक्झिट पार्टी, मग तीच रिफॉर्म यूके, आणि २०२४ मध्ये पाच खासदार. मुद्दा ब्रेक्झिटवरून स्थलांतरितांवर सरकला, इतकंच. खरं तर त्यांचा बराचसा मतदार पहिल्यापासून त्यासाठीच येत होता, असं मला वाटतं.

आपल्याकडची संयुक्त महाराष्ट्र समिती आठवते. तिथे तर मुळात मोटच होती: कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप. १९६० ला राज्य मिळालं, मोट सुटली, आणि १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा नेल्या. मंगलकलश आणल्याचं श्रेयही यशवंतरावांच्याच पदरात. बेळगाव तेवढं राहिलं.