किरणोपचाराच्या जोडीला नॅनोकणांचा शेक: थांबावे का?

चेंबूरकर: माझ्या मावशीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला असून परळच्या टाटा रुग्णालयात तिचे रेडिएशन पुढील आठवड्यात सुरू होणार आहे. गाठीत नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) सोडून ते तापवले की रेडिएशन अधिक प्रभावी ठरते, असे एका नातेवाइकांनी वाचले असून, ती सोय होईपर्यंत थांबावे असा त्यांचा आग्रह आहे. मुळात रेडिएशनलाच आपण ‘शेक’ म्हणतो, मग आणखी उष्णता कशासाठी?

निवृत्त प्राध्यापक, मुलुंड: ‘शेक’ हा शब्द रूढ असला तरी फसवा आहे. दोन ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) एका मात्रेने शरीराचे तापमान जेमतेम अर्ध्या सहस्रांश अंशाने वाढते. किरण पेशी भाजत नाहीत, तर तिचा डीएनए तोडतात, आणि पेशी तो पुन्हा सांधू पाहते. ऊती तासभर ४१ ते ४३ अंश सेल्सिअसला ठेवली, तर ही सांधणी करणारी प्रथिने निकामी होऊ लागतात. शिवाय गाठीच्या गाभ्यातील ज्या पेशी प्राणवायूच्या अभावामुळे किरणांना दाद देत नाहीत, त्याच उष्णतेपुढे लवकर हार मानतात. ही उष्णता गाठीपुरतीच राहावी म्हणून लोहऑक्साइडचे कण आत सोडून बाहेरून सुमारे १०० किलोहर्ट्‌झचे बदलते चुंबकीय क्षेत्र लावतात, त्याने ते कण तापतात. सोन्याचे कण प्रकाशाने तापवता येतात, पण प्रकाश फार खोल पोहोचत नाही. आपल्या पवईच्या आयआयटीतही लोहकणांवर संशोधन झाले आहे, मात्र प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंतची वाट लांबची असते.

वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ: वरील विवेचन योग्यच आहे, फक्त उष्णतेचा पुरावा आणि नॅनोकणांचा पुरावा यांची गल्लत होऊ देऊ नये. नेदरलँड्समधील २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगाचे तीन वर्षे जगलेले रुग्ण केवळ किरणोपचाराच्या गटात २७ टक्के, तर उष्णतेची जोड दिलेल्या गटात ५१ टक्के होते. ती उष्णता नॅनोकणांची नव्हती, बाहेरून सोडलेल्या विद्युतचुंबकीय लहरींची होती. शिवाय त्या चाचणीत किरणांसोबत सिस्प्लाटिन हे केमोथेरपीचे औषध दिलेले नव्हते, जे आज सर्रास दिले जाते. त्यामुळे ते आकडे मावशींना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. लोहकणांच्या उपचाराला युरोपात २०१० मध्ये परवानगी मिळाली, ती मेंदूतील गाठींसाठी. जर्मनीत पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूच्या आक्रमक कर्करोगाच्या) ५९ रुग्णांना किरणांसह तो दिला गेला. त्यांचे मध्यक आयुष्य गाठ परतल्यानंतर १३.४ महिने होते (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले), परंतु तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. कण गाठीत सारखे पसरत नाहीत, त्यामुळे एक भाग हवा तसा तापतो आणि शेजारचा कोमट राहतो. शिवाय मेंदूच्या या उपचारात दातांतील धातूचे भरण आधी काढावे लागते आणि नंतर त्या जागेचा एमआरआय नीट दिसत नाही. या अडचणींविषयी बातम्यांत क्वचितच वाचायला मिळते.

चेंबूरकर: मनःपूर्वक आभार. म्हणजे थांबण्यात अर्थ नाही?

वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ: मुळीच नाही. या कर्करोगात बाहेरून आणि आतून (गर्भाशयमुखापाशी किरणस्रोत ठेवून) द्यायचे सर्व किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत संपावेत असा दंडक आहे, कारण लांबण लागली की गाठ आटोक्यात येण्याची शक्यता घटते. आतून द्यायच्या उपचाराच्या तारखा मात्र पहिल्याच आठवड्यात विचारून घ्याव्यात.